लाईट गेल्यावर हॉलमध्ये काय चालणार?

तर मंडळी, पुरात लोकांना आसरा द्यायच्या आपल्या हॉलसाठी सोलरवर बोला म्हणालात म्हणून आलोय, पण सुरुवात पाण्यापासूनच करतो. ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर गेली, धोक्याची पातळी २५, सयाजीगंज, अकोटा, समा सगळीकडे पाणी, आणि पाण्यात करंट उतरू नये म्हणून लाईट बंद. ती बंद करायलाच हवी, त्यात तक्रार नाही. पण ज्यांच्या अगाशीवर साधं सोलर होतं त्यांच्याकडेही अंधारच!

कारण साधा सोलर इन्व्हर्टर बाहेरची लाईन असली तरच चालतो, लाईन गेली की स्वतःहून बंद पडतो. मुद्दाम तसं केलेलं असतं, नाहीतर तिकडे तार दुरुस्त करणाऱ्या वायरमनला आपल्या पॅनलमुळे शॉक बसेल. म्हणजे हॉलवर ५ किलोवॅट लावून नेट मीटरिंग (जास्तीची वीज लाईनला देऊन बिलातून वळती करणं) घेतलं तर बिल कमी येईल, पण पुरात उपयोग शून्य. त्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लाईन नसतानाही बॅटरी आणि पॅनलवर चालणारा, आणि बॅटरी लागते, आणि हे वेंडर आपणहून सांगेलच असं नाही, महाग पडतं म्हटल्यावर गिऱ्हाईक जातं ना.

आता "किती किलोवॅट लावू?" हा प्रश्न मला सगळे विचारतात आणि तो उलटा प्रश्न आहे. आधी कागद घ्या आणि लाईट गेल्याच्या दुसऱ्या रात्री हॉलमध्ये काय चालू हवं ते लिहा. १० वॅटचे १२ एलईडी दहा तास, झाले सव्वा युनिट. ८ पंखे वीस तास, जुने ७५ वॅटवाले असतील तर १२ युनिट आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, ३० वॅटवाले असतील तर ५ च्या आतच, म्हणून बॅटरीला पैसे घालायच्या आधी पंखे बदला, ते स्वस्त पडतं. इन्सुलिनसाठी छोटा फ्रिज, एक-दीड युनिट. शंभर मोबाईल चार्ज केले तरी दीड युनिट, मोबाईलला घाबरू नका. सगळं मिळून ९ युनिटच्या आसपास.

पण एखादे आजोबा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) घेऊन आले की हिशोब फिरतो. ते मशीन साधारण ३५० वॅट खातं, दिवसरात्र चालवलं तर आठेक युनिट, म्हणजे जवळजवळ अख्ख्या हॉलएवढं! मग अडचणीच्या वेळी पंखे कोणाचे बंद करायचे हे कमिटीने आधीच ठरवून भिंतीवर लावलेलं बरं, रात्री दोन वाजता त्यावर वाद नको. आणि हो, पाण्याची मोटर १ एचपीची असली तरी सुरू होताना कित्येक पट करंट ओढते, इन्व्हर्टर त्या हिशोबाने घ्या.

उन्हात १ किलोवॅटला दिवसाला चार-साडेचार युनिट मिळतात, पण पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलंच असतं, त्यामुळे पाव हिस्सा मिळाला तरी नशीब. म्हणून बॅटरी निदान एक रात्र आणि एक दिवस ओढेल एवढी हवी. लिथियम फेरो फॉस्फेट घ्या, ती ८०-९० टक्के वापरता येते, लेड ॲसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. आणि बॅटरी तळघरात ठेवू नका!! पहिल्या मजल्यावर, हवा खेळती असेल तिथे. पॅनलच्या वायरी उन्हात कायम जिवंत असतात, कनेक्शन पाण्यात बुडालं तर हात लावायचा नाही, म्हणून डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलकडून येणारी वीज तोडायचा स्विच, पाणी पोहोचणार नाही एवढ्या उंचावर बसवा आणि तो कुठे आहे हे चारपाच जणांना माहीत हवं.

प्वेर्तो रिकोत अदहुंतास गावात कासा पुएब्लो म्हणून लोकांनीच चालवलेलं केंद्र आहे, तिथे १९९९ पासून सोलर होतं. २०१७ मध्ये मारिया वादळाने अख्ख्या बेटाची वीज गेली तेव्हा लोक श्वासाची मशीनं घेऊन तिथे गेले. ते चाललं कारण ती जागा रोजच्या वापरातली होती, फक्त संकटासाठी कुलूप लावून ठेवलेली नव्हती.

म्हणून जूनच्या पहिल्या रविवारी मेन स्विच पाडा आणि दिवसभर हॉल सोलर आणि बॅटरीवरच चालवा, काय बंद पडतं ते कळेल. आणि लिफ्टचं विचारणारच आहात म्हणून आधीच सांगतो, लिफ्ट नाही.