आरशापुढचा वेळ

(पडद्यावर: जुना कृष्णधवल फोटो. दाढीवाले, उघड्या अंगाचे एक गृहस्थ.)

हे उमरावसिंग शेरगिल. पंजाबातल्या मजिठाच्या सरदार घराण्यातले, जन्म १८७०चा. संस्कृत आणि फारसीचे व्यासंगी. फोटो १९३०च्या सुमाराचा, पॅरिसमधला. १५ दिवसांचा उपवास झाल्यावर त्यांनी स्वतःच कॅमेरा लावला आणि स्वतःच त्याच्यासमोर उभे राहिले.

तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत, कित्येक दशकं ते स्वतःचे फोटो काढत राहिले. कधी सुटाबुटात, कधी पगडीत, कधी टेबलावर पुस्तकं पसरून. पण या उपवासाच्या फोटोपाशी आपण थोडं थांबू. पोट आत ओढून घेतलेलं नाही, छाती फुगवलेली नाही. अन्नावाचून इतके दिवस गेल्यावर या शरीराचं काय झालंय, ते हा माणूस बघतोय. योगाभ्यास करणाऱ्याला शरीराची अशी विचारपूस करायची सवय असते. काचेच्या निगेटिव्हच्या त्या काळात एका फोटोलाही किती खटपट होती! उजेड बघायचा, प्लेट घालायची, जागेवर जाऊन उभं राहायचं, स्थिर राहायचं, आणि मग ती धुऊन निघेपर्यंत वाट बघायची.

(पडद्यावर: अमृता शेरगिल यांची आत्मचित्रं, एकामागून एक.)

अशा घरात त्यांची मुलगी अमृता, पुढची नामवंत चित्रकार, वाढली. जन्म १९१३चा, बुडापेस्टचा. आई हंगेरियन, वडील शीख. १९२९मध्ये पॅरिसला चित्रकला शिकायला गेली, आणि पुढची दोन-तीन वर्षं तिनं स्वतःला पुन्हा पुन्हा रंगवलं. एका चित्रात ती मनमोकळी हसते. दुसऱ्या चित्रात तीच मुलगी अशी बघते की समोरच्यानं नजर खाली घालावी. यातली खरी अमृता कोणती, असं विचारण्यात अर्थ नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचं मन दिवसातून चार वेळा पालटतं. तिनं ते पालटू दिलं आणि रंगवलं.

(पडद्यावर: ताहितीच्या स्त्रीच्या रूपातलं आत्मचित्र, १९३४.)

हे चित्र मात्र धाडसाचं आहे. फ्रेंच चित्रकार पॉल गोगँनं प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावरच्या सावळ्या बायका रंगवल्या होत्या, पण बाहेरून आलेल्या पुरुषाच्या नजरेनं. अमृतानं त्या जागी स्वतःला उभं केलं. कमरेवरचं अंग उघडं, हात समोर एकमेकांवर, मागे एका पुरुषाची सावली. ती आपल्याकडे बघतच नाही, नजर बाजूला लागलेली आहे. युरोपातले लोक आपल्याला कोणत्या डोळ्यांनी बघतात, हे तिला कळत होतं. त्याचं उत्तर तिनं स्वतःच्याच देहाचं चित्र काढून दिलं.

त्याच वर्षाअखेरीस ती भारतात परतली. १९३६च्या शेवटी मुंबईत तिच्या चित्रांचं प्रदर्शन झालं आणि तिथून ती अजिंठा-वेरूळला गेली. अजिंठ्यानं तिला हलवून सोडलं. तिथलं एक भित्तिचित्र अख्ख्या युरोपीय प्रबोधनकाळाहून मोलाचं, अशा अर्थाचं तिनं भारतात परतण्याआधीच लिहून ठेवलं होतं.

(पडद्यावर: अजिंठा, लेणं क्रमांक १७. हातात आरसा धरलेली राजस्त्री.)

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ही स्त्री आहे. पाचव्या शतकातली. शृंगार चाललाय, हातात आरसा आहे, आजूबाजूला दासी आहेत. बुद्धाच्या कथांनी भरलेल्या भिंतीवर तिला जागा मिळाली आहे, आणि रंगवणाऱ्यानं तिच्यावर जीव ओतलाय. आरशात रमलेल्या बाईची टिंगल करायची खोड आपल्याला बरीच नंतर लागली असावी.

या प्रवासानंतर, १९३७मध्ये, अमृतानं नवरीच्या शृंगाराचं चित्र काढलं. मध्यभागी नवरी बसलेली आहे आणि तिचे केस दुसरी बाई आवरते आहे. नवरीच्या चेहऱ्यावर हसू नाही. आपल्याकडे नवरीला हळद लावताना, मेंदी काढताना, वेणीत गजरा माळताना भोवती जसा बायकांचा गराडा असतो, तसाच हा. स्वतःची काळजी घेणं म्हणजे एकटीनं बंद खोलीत करायची गोष्ट, असं आपण आता समजू लागलोय. इथं ती दुसऱ्याच्या हातांनी होते आहे. आम्हाला हे चित्र तिच्या सगळ्या आत्मचित्रांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

(पडद्यावर: मोबाइलचा पुढचा कॅमेरा, हातभर अंतरावरून.)

आता आपल्या खिशातला आरसा. लोकलच्या लेडीज डब्यात, दादर यायच्या आत, फोन समोर धरून टिकली सरळ करणारी मुलगी रोज दिसते. तिला कुणी नटवी म्हटलं तर आम्हाला राग येतो. दिवसभर राबायच्या आधीची ती दोन मिनिटं तिची आहेत.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. फोन चेहऱ्याच्या फार जवळ असतो. नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरंच जवळ पडतं, म्हणून ते मोठं दिसतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८मध्ये हिशेब मांडला: ५ फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. हा दोष अंतराचा. पण चौदा-पंधरा वर्षांची मुलगी तो आपल्या नाकाचा समजते आणि मनाला लावून घेते. त्यावर फोनच्या कॅमेऱ्यातला ब्यूटी मोड आपणहून कातडी गुळगुळीत करतो, रंग उजळतो. काही फोनांमध्ये तो आधीपासूनच चालू असतो. ती मुलगी स्वतःला बघायच्या आतच कुणीतरी तिला दुरुस्त केलेलं असतं.

चित्रात बदल करणं मुळात वाईट, असं आम्ही म्हणत नाही. उमरावसिंगांचे नातू, चित्रकार विवान सुंदरम यांनी २००१-०२मध्ये आजोबांचे जुने फोटो संगणकावर जोडून नवी चित्रं केली. वेगवेगळ्या वेळचे बाप-लेक त्यांनी एका चौकटीत आणले. ती जोडणी त्यांनी लपवली नाही. फिल्टर मात्र आपलं काम लपवण्यातच सगळी हुशारी खर्च करतो.

घरात वाढत्या वयाची मुलं असतील तर एकदा त्यांच्या फोनमधला ब्यूटी मोड त्यांच्यासोबत बसून बंद करा. फोन कशाला तरी टेकवा, टायमर लावा, पाच फूट मागे उभं राहून फोटो काढा. नाकाचा हिशेब त्यांना नीट समजावून सांगा. आणि त्या फोटोत तुम्हीही शेजारी उभे राहा, आहात तसे.