मित्राच्या कानात सांगायचा बॉम्ब

नमस्कार श्रोतेहो.

२४ मार्च १९९३. दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क संसदेत बोलायला उभे राहिले. आपल्या देशाने सहा अणुबॉम्ब तयार केले होते आणि ते मोडूनही टाकले आहेत, असं त्यांनी सांगितलं. बॉम्ब झाल्याचं आणि गेल्याचं, दोन्ही लोकांना एकाच दिवशी कळलं.

अणुबॉम्ब असतो धाक घालायला. मग तो लपवायचा कशासाठी? हा प्रश्न मला कितीतरी दिवस सोडत नव्हता.

१९७५ साली पोर्तुगीज अंगोलातून गेले आणि तिथे क्यूबाचे सैनिक उतरले, सोबत सोव्हिएत शस्त्रं. शेजारचं नामिबिया तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होतं, म्हणजे शत्रू अगदी कुंपणापाशी आला. वर्णभेदामुळे जगात उघडपणे पाठीशी उभं राहणारं कोणी नाही. १९७७ च्या ऑगस्टमध्ये कालाहारी वाळवंटात चाचणीसाठी खणलेल्या विहिरी सोव्हिएत उपग्रहाने टिपल्या. मॉस्कोने ते वॉशिंग्टनला कळवलं, चहूबाजूंनी दबाव आला आणि चाचणी थांबली. नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रबंदी लादली. उघड स्फोट केला तर उरलेसुरले मित्रही तुटणार. बॉम्बच नसेल तर भीती जाणार नाही. त्यातून लपवण्याची वाट निघाली.

त्यांचा डाव तीन पायऱ्यांचा होता. आधी काहीच बोलायचं नाही, ना हो ना नाही. हल्ला अंगावर आला, तर अमेरिकेला गुपचूप सांगायचं, की आमच्याकडे बॉम्ब आहे, मदतीला या. तरीही कोणी हललं नाही, तर उघड चाचणी करायची. म्हणजे हा बॉम्ब शत्रूच्या डोक्यावर टाकण्याआधी मित्राच्या कानात सांगण्यासाठी होता.

रचनाही गुपिताला साजेशी होती. तोफेतून गोळा डागावा तसा समृद्ध युरेनियमचा एक तुकडा दुसऱ्यावर आदळायचा. ही पद्धत इतकी भरवशाची, की चाचणीवाचूनही चालते. हिरोशिमावर टाकलेला बॉम्ब याच जातीचा होता. युरेनियम त्यांच्याच खाणींतलं, आणि ते समृद्ध करण्याचा कारखाना प्रिटोरियाजवळ.

पण श्रोतेहो, लपवलं कोणापासून? महासत्तांना १९७७ पासूनच सुगावा होता. खरोखर अंधारात राहिली ती त्या देशातलीच माणसं, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना तर मताचाही अधिकार नव्हता. माझा जीव इथे अडतो.

क्यूबाचं सैन्य परतायला लागलं, १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झालं, सीमेवरची भीती सरली. बॉम्ब मोडण्याचं कारण म्हणून सरकारने हेच सांगितलं. ते खरंही आहे. पण सत्ता लवकरच कृष्णवर्णीय बहुसंख्यांच्या हाती जाणार, हेही तेव्हा दिसू लागलं होतं, आणि त्या घाईमागे हा विचार नव्हताच, असं मला म्हणवत नाही.

एप्रिल १९९४ मध्ये ही माणसं मैलभर रांगा लावून आयुष्यातलं पहिलं मत द्यायला उभी राहिली. बॉम्बचे आराखडे तोवर नष्ट करून झाले होते.