रामन यांचं शेवटचं कोडं

१९२१चा सप्टेंबर. इंग्लंडहून आलेली 'नारकुंडा' बोट मुंबई बंदरात लागते, तेव्हा चंद्रशेखर वेंकट रामन यांचं 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाला धाडायचं पत्र तयार आहे. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं तेव्हा मानलं जाई. रामन यांनी वाटेत निकोल प्रिझम, म्हणजे परावर्तित प्रकाश गाळू शकणारा स्फटिक, डोळ्याला लावला आणि पाण्यावरची आकाशाची चमक काढून टाकली. समुद्र निळाच राहिला. उलट जास्तच निळा झाला.

पुढचं आपल्याला शाळेपासून पाठ आहे: २८ फेब्रुवारी, नोबेल, विज्ञान दिन. ते सोडून थेट साठच्या दशकातल्या बंगळूरला जाऊ.

रामन पंचाहत्तरीला आलेत. त्यांनी उभारलेल्या संस्थेच्या बागेत गुलाब फुललेत आणि रंगांनी त्यांना पुन्हा छळायला घेतलंय. प्रकाश कळला, पण डोळ्यात शिरल्यावर त्याचा 'लाल' कसा होतो?

प्रयोगाला लागतं काय? एक रंगीत काच आणि लख्ख उजळलेला पांढरा पडदा. काचेतून पडद्यावरच्या एकाच जागी टक लावायची, मग काच झटकन बाजूला. क्षणभर पडद्यावर एक आकृती उमटते, काचेनं अडवलेल्या रंगांचीच. रामन म्हणत, हे आपल्याच दृष्टिपटलाचं, डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याचं, मोठं केलेलं चित्र.

रंग ओळखणारे घटक डोळ्यात तीनच प्रकारचे, हा यंग आणि हेल्महोल्ट्झ या एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांचा सिद्धांत त्यांना मान्य नव्हता. गंमत अशी, की याच हेल्महोल्ट्झच्या ध्वनीवरच्या ग्रंथानं आपल्याला घडवलं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

१९६४मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी माणसाच्या डोळ्यातल्या एकेका शंकुपेशीत, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशीत, कोणता प्रकाश शोषला जातो, ते मोजलं. प्रकार तीनच निघाले. त्यांतले जॉर्ज वॉल्ड १९६७च्या नोबेलचे एक मानकरी. तरीही १९६८मध्ये रामन यांनी 'द फिजिऑलॉजी ऑफ व्हिजन' हा ग्रंथ काढला, आणि तीन रंगांना त्यातही नकारच.

ते चुकले. पण चुकले ते आळसानं नव्हे. बोटीवर पुस्तकापेक्षा स्वतःच्या नजरेवर भरवसा ठेवणारा माणूस इथेही तेच करत होता. फरक एवढाच, की समुद्रावरची चमक काढायला हातात प्रिझम होता. इथे डोळाच डोळ्याला तपासत होता.

२१ नोव्हेंबर १९७०ला रामन गेले. अंत्यसंस्कार संस्थेच्या आवारातच झाले. त्या जागी आता प्रिमावेराचं झाड आहे. फुलतं तेव्हा पिवळंधमक दिसतं.