रुईपाशी अर्धा तास

मंडळी, नमस्कार. निसर्गात फिरणं आणि फोटो काढणं म्हटलं की आपल्याकडे ताडोबा, भिगवण, कास अशी नावं निघतात. ही ठिकाणं सुंदरच आहेत. पण वर्षातून एकदा तिथे जाऊन आलेल्या माणसाला बाकीच्या दिवसांत काय मिळतं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. म्हणून आज मी एकाच झुडपाबद्दल बोलणार आहे. रुई. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो, तीच. गटाराच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत, पडीक प्लॉटवर, टेकडीच्या पायथ्याशी, जिथे कोणी काही लावत नाही तिथे ती उभी असते. घरापासून पाचशे पावलांच्या आतली एक रुई शोधा. भारीतला कॅमेरा लागत नाही, खिशातला फोन पुरतो.

पहिले चार-पाच दिवस फोटो काढण्याची घाई करू नका. नुसतं उभं राहा. रुईवर कोण राहतं हे कळायला तेवढा वेळ लागतोच. कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठांवर पिवळ्याधमक माव्याची दाटी असते. मावा असला की त्याला खाणारे लेडीबर्ड भुंगेरे आणि गोडसर चिकट द्रवासाठी आलेल्या मुंग्या असतात. पावसाळ्यात निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा एक मोठा टोळ दिसतो. तो इतका रंगीत असतो की कोणी रंगवून ठेवला असं वाटावं. त्याला हात लावू नका, डिवचला की तो द्रवाची पिचकारी मारतो. आणि फुलांवर येतो तो काळा, जाडजूड भुंगा. उन्हात त्याच्या पंखांवर निळी-जांभळी झाक दिसते. तो आधी ऐकू येतो, मग दिसतो. रुईचे परागकण सुटे नसतात, त्यांचे पिंड असतात. भुंगा मधासाठी फुलावर पाय रोवतो, तेव्हा हे पिंड त्याच्या पायाला अडकतात आणि दुसऱ्या फुलावर पोहोचतात.

आता फुलपाखराकडे येतो, कारण रुईपाशी थांबण्याचा खरा आनंद तिथे आहे. प्लेन टायगर हे केशरी फुलपाखरू तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. पुढच्या पंखांची टोकं काळी आणि त्यावर पांढरे ठिपके. त्याची मादी रुईच्या पानाच्या खालच्या बाजूला एकेक सुटं अंडं घालते. अंडं जेमतेम एक मिलिमीटर उंच आणि फिकट पांढरं असतं. ते शोधायचं तर पानं उलटी करत बसू नका. मादी एका पानावरून दुसऱ्या पानावर घुटमळताना दिसली की ती कुठे पोट वाकवते तेवढं बघा आणि ती उडून गेल्यावर ते पान हळूच खालून पाहा.

उबदार दिवसांत तीन-चार दिवसांनी अळी बाहेर येते. पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची ही अळी साधारण दोन आठवडे खात राहते. तिच्या पाठीवर मऊ शिंगांसारख्या तंतूंच्या तीन जोड्या असतात. मोठी अळी पान खाण्याआधी काय करते ते नक्की पाहा. ती पानाची शीर कुरतडते, म्हणजे चिकाचा प्रवाह पुढे जात नाही, आणि मग चीक आटलेला भाग खाते. तरीही चिकातलं विष थोडंफार तिच्या शरीरात साठतं आणि पुढे फुलपाखरातही उतरतं. म्हणूनच हे फुलपाखरू इतकं निवांत उडतं. पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. फोटो काढणाऱ्याला याचा फायदा असा की ते फारसं बिचकत नाही.

हा चीक आपल्यालाही त्रासदायक आहे. पान मोडलं की दुधासारखा चीक ओघळतो. तो डोळ्यात गेला तर डोळा लाल होऊन सुजतो, काही तासांनी धुरकट दिसायला लागतं. त्यामुळे पान तोडायचं नाही, झाडाला हात लागला तर तो डोळ्याकडे न्यायचा नाही आणि घरी गेल्यावर साबणाने हात धुवायचे. चीक डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. मुलांना बरोबर नेत असाल तर ही सूचना सगळ्यात आधी द्या.

फोटोकडे वळू. सकाळी सात ते नऊ ही वेळ साधा. एकतर ऊन तिरपं आणि मऊ असतं, दुसरं म्हणजे फुलपाखराचं अंग अजून गार असतं. ते पंख पसरून ऊन खात बसतं, तेव्हा तुम्हाला दोन-तीन मिनिटंही मिळू शकतात. त्याच्याकडे सरळ चालत जाऊ नका. वाकून, हळूहळू, आणि आपली सावली त्याच्यावर पडू न देता जा. सावली पडली की ते उडतंच.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते अंतरामुळे. फोन जितका जवळ तितका फोटो चांगला, अशी समजूत असते. बहुतेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला फोकस करायला निदान दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर लागतं. त्याहून जवळ गेलात की पडद्यावर सगळं ठीक दिसतं आणि घरी येऊन पाहिलं तर मागचं पान स्पष्ट, अळी धूसर. थोडं मागे सरका, झूम २ वर ठेवा आणि उरलेलं नंतर कापून घ्या. फोनमध्ये मॅक्रोची, म्हणजे अगदी जवळून फोटो घेण्याची, सोय असेल तर दोन-तीन सेंटिमीटरवरून अंड्याचाही फोटो येतो, पण इतक्या जवळ फोनचीच सावली पडते. ऊन बाजूने येईल असे उभे राहा.

दुसरी गोष्ट कोनाची. इतक्या जवळून फोटो घेताना खोलीचा अगदी पातळ पदर स्पष्ट येतो, बाकी सगळं धूसर होतं. फुलपाखराने पंख मिटले असतील तर फोनचा पडदा पंखांना समांतर धरा, म्हणजे पूर्ण पंख एका पदरात बसतो. थोडा तिरका झाला की डोळा स्पष्ट आणि पंखाचं टोक गेलेलं, असं होतं. अळीला पाठीवरून टिपण्यापेक्षा तिच्या पातळीवर उतरा. फोन उलटा धरला की लेन्स खाली येते आणि गुडघे जमिनीला न टेकताही खालचा कोन मिळतो. कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याचं छिद्र, एफ ८ ते एफ ११ च्या दरम्यान ठेवा.

भुंग्यामागे धावू नका. तो एका फुलावर काही सेकंदच थांबतो, पण त्याच झुपक्याकडे पुन्हा येतो. चांगला प्रकाश असलेला एक झुपका निवडा, त्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात, आणि वाट पाहा. शटरचा वेग हाताने ठरवता येत असेल तर तो १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. मागे गडद सावली असेल तर कॅमेरा तो काळोख उजळायला जातो आणि रुईची फिकट पाकळी पांढरीफटक होते, तिच्यावरची मेणासारखी झाक जाते. उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. पाकळीतला तपशील एकदा गेला की नंतर कितीही दुरुस्ती केली तरी परत येत नाही. आणि फोन खिशातून काढला की आधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. धुक्यासारखे दिसणारे निम्मे फोटो बोटाच्या ठशामुळे तसे आलेले असतात.

रोज कितीही फोटो काढा, पण संध्याकाळी तीनच ठेवा. हा माझा आग्रह आहे. निवडताना डोळा तयार होतो. त्याखाली तारीख, वेळ आणि एक ओळ लिहा: अळी काल तिसऱ्या पानावर होती, आज पाचव्या. महिन्याभराने हे टिपण फोटोंपेक्षा जास्त बोलतं.

काही दिवस रिकामे जातील. अळी एक दिवस नाहीशी होते. कधी ती कोष करायला झाडापासून लांब गेलेली असते, कधी परजीवी माशीने तिच्यात अंडी घातलेली असतात आणि ती आतून पोखरून मरते. तिला वाचवायला डबीत घालून घरी नेऊ नका. त्या माशीचंही इथे घर आहे. कोष सापडला तर तो हिरवा किंवा फिकट गुलाबी असतो. आठवड्या-दीड आठवड्याने तो पारदर्शक होऊन आतले केशरी पंख दिसू लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर या. बाहेर आल्यावर पंख वाळेपर्यंत फुलपाखरू तासभर तरी लटकून राहतं. तेव्हा फांदी हलवू नका, फुंकर मारू नका, पाणी शिंपडू नका. पंख दुमडलेले राहिले तर ते कधीच उडणार नाही.

उन्हाळ्यात रुईची बोंडं फुटतात आणि म्हाताऱ्या उडतात. त्यांचा फोटो सूर्य समोर ठेवून, मागे झाडाची गडद सावली घेऊन काढा. रेशमी तंतू तेव्हाच उजळतात.

एक अडचण सगळ्यांनाच येते. सफाईत कोणीतरी रुई छाटून टाकतं. तेव्हा झुडूप गेलं म्हणून जाणं थांबवू नका. मूळ शाबूत असेल तर काही आठवड्यांत बुंध्यातून कोवळे फुटवे येतात आणि अशा पानांवरही मादी अंडी घालते. सोसायटीच्या माळीदादांना मात्र आधीच सांगून ठेवा, कुंपणाबाहेरची एक रुई राहू द्या. फोनमधला अळीचा फोटो दाखवून सांगितलं तर ते ऐकतात.