डुकरांनी आपल्याकडून घेतलेला फ्लू

श्रोतेहो, ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या आणि ज्याला मास्क मिळाला नाही तो तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागला, तेव्हा गल्लीतल्या डुकरांकडेही लोक भीतीने पाहत होते. वास्तविक पुण्यातला तो आजार माणसाच्या खोकल्यातून माणसाला होत होता. पण नावातच डुक्कर असल्यामुळे दोष त्याच्या माथी बसला.

डुकरे, माणसे आणि फ्लू यांचे नाते लक्षात आले ते १९१८ मध्ये. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जे. एस. कोएन या पशुवैद्यकाच्या लक्षात आले, की ज्या घरात माणसे तापाने अंथरुणाला खिळतात त्याच घरची डुकरेही आजारी पडतात, आणि कधी डुकरे आधी पडतात, मग माणसे. डुकरांच्या या आजाराला त्यांनी फ्लूच म्हटले. मांसाचे गिऱ्हाईक तुटेल या धास्तीने वराहपालक नाराज झाले, तरी कोएन आपल्या म्हणण्यावरून हटले नाहीत, आणि त्यांच्या या ठामपणाचे मोल मला फार वाटते. पुढे रिचर्ड शोप यांनी हा विषाणू डुकरांमधून वेगळा काढून १९३१ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केले. माणसाच्या फ्लूचा विषाणू लंडनमध्ये सापडला तो त्यानंतर, १९३३ मध्ये.

फ्लू झालेला कळप एकदा पाहिला की विसरत नाही. काल खाण्यावर तुटून पडणारी जनावरे आज एकमेकांना चिकटून निपचित पडलेली असतात. हाकलून उठवले तर कुत्रे भुंकल्यासारखी कोरडी ढास लागते. जवळजवळ सगळा कळप एकदम पडतो, पण आठवडाभरात बहुतेक जनावरे सावरतात.

धोका वेगळाच आहे. डुकराच्या श्वासनलिकेतल्या पेशींवर पक्ष्यांच्या आणि माणसांच्या, अशा दोन्ही फ्लू विषाणूंना चिकटायला जागा असते. फ्लूच्या विषाणूची जनुके आठ तुकड्यांत असतात, त्यामुळे दोन विषाणू एकाच पेशीत शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू बाहेर पडू शकतो. २००९ च्या एच१एन१चे, म्हणजे स्वाइन फ्लूच्या त्या विषाणूचे, सहा तुकडे उत्तर अमेरिकेतल्या डुकरांमधल्या विषाणूंच्या घराण्यातले, तर दोन युरोप-आशियातल्या डुकरांमधले होते. माणसांत पसरल्यावर मात्र हाच विषाणू अनेक देशांत माणसांकडून पुन्हा डुकरांत गेला. म्हणून ज्याला ताप-खोकला आहे त्याने वराहपालन केंद्रात पाऊल ठेवू नये, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

इजिप्तने नेमके उलटे केले. देशात एकही रुग्ण नसताना, २००९ च्या एप्रिलअखेरीस, सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा हुकूम निघाला. कैरोतला कचरा गोळा करणारी कुटुंबे ओल्या कचऱ्यावर ही डुकरे पोसत असत. डुकरे गेली आणि तो कचरा रस्त्यांवर कुजू लागला. फ्लू मात्र जूनमध्ये विमानातून उतरलेल्या प्रवाशाबरोबर तिथे पोहोचलाच.