हापशाचं पाणी, वाढतं हाड (माहितीपटाचे निवेदन)

हा नळ इंदूरच्या रामबागेतला. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर उपसून आणलेली नर्मदा. १९७८ पासून इंदूरकर तीच पितात, आणि एक दिवस नळ आला नाही की गल्ली डोक्यावर घेतात.

आणि हा हापसा. झाबुआ जिल्हा, इंदूरच्या पश्चिमेला साधारण दीडशे किलोमीटर. फलियातली, म्हणजे वस्तीतली मुलं शाळेआधी पाणी भरायला येतात. दांडा मारणाऱ्या मुलीचे दात बघा, तपकिरी आडवे पट्टे. तंबाखूचे नव्हेत. कायमचे दात हिरडीखाली घडत होते तेव्हाच, सात-आठ वर्षांची होईपर्यंत, पाण्यातल्या फ्लोराइडनं ते उमटवले.

हापसा आला तो भल्यासाठीच. पूर्वी लोक पायऱ्या उतरून विहिरीत घागर बुडवायचे आणि त्याच पाण्यातून नारू व्हायचा. पायातून दोऱ्यासारखा हातभर जंत काडीला गुंडाळत बाहेर काढायचा, रोज थोडा थोडा. ओट्यावर बसलेल्या या आजोबांना विचारा, ते खूण दाखवतील. १९८० च्या दशकात नारूविरुद्ध देशभर मोहीम निघाली. पायऱ्यांच्या विहिरी सोडून बोअर मारले गेले, हापसे बसले. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. लहान गोष्ट नव्हे ही. पण बोअर खडकात खोल उतरला, आणि या खडकात फ्लोराइड होतं. पाणी नितळ, गार. शंका यावी तरी कशी?

शाळेच्या ओट्यावरची ही चाचणी. नळीत हापशाचं पाणी, वरून रसायनाचे थेंब. रंग गुलाबी राहिला तर प्यायला हरकत नाही. हा पिवळा पडत चाललाय, म्हणजे फ्लोराइड जास्त. आपल्याकडे लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं असा दंडक आहे. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. उकळून काही साधत नाही. पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं.

वयात येताना हाड झपाट्यानं वाढतं आणि फ्लोराइड हाडातच जाऊन बसतं. जेवणात मक्याची रोटी, उडदाची डाळ, दूध क्वचित. कॅल्शियम कमी पडलं की गुडघे वाकतात. हा मुलगा नववीत आहे.

(निवेदन थांबते. मुलगा शाळेपर्यंत चालत जातो.)

नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं फार पूर्वी फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत शोधली. तुरटी आणि चुना घालून ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी प्यायचं. बादलीत छान दिसतं. पण मजुरीसाठी अर्धं वर्ष गुजरातेत काढणाऱ्या घरात हे रोज कोण करणार? आमच्या मते पाणी मुळातच दुसरं हवं.

ते फार लांब नाही. ही पावसानं भरणारी उथळ विहीर. हिच्या पाण्याची नळी गुलाबीच राहिली. गावानं वर जाळी बसवली, कठडा बांधला. आत उतरायला पायऱ्या ठेवल्या नाहीत. क्लोरीन टाकायचं काम मोठ्या मुलींनी घेतलंय. हापशाला लाल रंग दिलाय, त्यावर आता कपडे धुतात. पुढची तपासणी मे महिन्यात, विहीर तळाला जाईल तेव्हा.