शेक म्हणतात, पण शेकत काहीच नाही

(ठाण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेलं व्याख्यान, थोडं काटछाट करून)

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. मी फिजिक्सवाला, कॅन्सरवर रेडिएशन देणाऱ्या मशीनमधून किती डोस बाहेर पडतो ते मोजणं हे माझं काम होतं, त्यामुळे गोळ्या कुठल्या घ्यायच्या ते मला विचारू नका.

आपल्याकडे रेडिएशनला कोणी 'लाइट' म्हणतं, कोणी 'शेक'. शेक म्हटलं की डोळ्यासमोर गरम पाण्याची पिशवी येते, पण इथे उष्णतेचा संबंधच नाही. रेडिएशनचं माप ग्रे, 1 ग्रे म्हणजे किलोमागे 1 ज्यूल. आता 60 किलोच्या माणसाला सगळ्या अंगावर एकदम 4 ग्रे मिळाले तर एकूण ऊर्जा झाली 240 ज्यूल, म्हणजे कटिंग चहाच्या एका छोट्या घोटात असते तेवढी. थर्मामीटर हलणारसुद्धा नाही. आणि एवढ्यावर, उपचार मिळाले नाहीत तर, साधारण निम्मी माणसं महिना-दोन महिन्यांत दगावतात. चहाच्या घोटाने कोणी मेलंय का? मग फरक कुठे आहे, तर ती ऊर्जा पडते कुठे त्यात.

पेशीत बहुतेक पाणीच. किरण पाण्यातून गेला की पाण्याचे रेणू फुटून फ्री रॅडिकल्स, म्हणजे कशावरही धावून जाणारे तुकडे, तयार होतात आणि ते जवळच्या डीएनएवर तुटून पडतात, कधी किरण स्वतःच डीएनएला लागतो. 1 ग्रेमागे एका पेशीत हजाराच्या आसपास एकेरी तुटी होतात, म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकच तुटतो, त्या पेशी आरामात सांधते कारण समोरचा धागा शाबूत असतो, त्याच्यावरून बघून ती नक्कल करते. पण तीसचाळीस ठिकाणी दोन्ही धागे तुटतात ना, तिथे गडबड. चुकीची टोकं एकमेकांना जोडली जातात.

तरी बऱ्याचशा पेशी लगेच मरत नाहीत, हेच लोकांच्या लक्षात येत नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा कृषक प्लांट आहे, तिथे कांद्याला गॅमा किरण देतात, साधारण 60 ते 90 ग्रे. कांदा बाहेरून जसाच्या तसा, चिरला तर डोळ्यात पाणी तेवढंच, पण त्याला मोड येत नाही, कारण मोडाच्या पेशींना विभागता येत नाही. तोंडाच्या कॅन्सरला आम्ही, सगळ्या अंगाला नाही, फक्त तेवढ्या भागाला, एकूण देतो 60 ते 70 ग्रे, म्हणजे आकडा जवळपास तोच बघा! गाठीतली पेशीसुद्धा विभागायला गेली की मग कोलमडते.

आता हे 70 ग्रे एकदम का नाही देत? 1920च्या दशकात पॅरिसला क्लोदियस रेगो नावाच्या माणसाने नर मेंढ्यांवर नसबंदीचे प्रयोग केले, एकदम डोस दिला तर कातडी जळायची, तोच थोडा थोडा करून दिला तर कातडी वाचायची आणि नसबंदीही व्हायची. म्हणून रोज 2 ग्रे, सोमवार ते शुक्रवार, सहासात आठवडे. चांगल्या पेशी रात्रीत बऱ्यापैकी सावरतात, कॅन्सरच्या तेवढ्या नाही. आणि म्हणूनच माझी कायमची कटकट असायची की गणपतीला गावी जाऊन आठवडाभर दांडी मारू नका, तेवढ्यात उरलेल्या पेशी परत वाढायला लागतात. लोक हसून 'हो हो साहेब' म्हणायचे आणि कणकवलीची गाडी पकडायचे.

तोंडाला लाइट असेल तर मास्क लागतो, प्लॅस्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात टाकली की पापडासारखी लिबलिबीत होते, ती चेहऱ्यावर ताणून बसवायची, काही मिनिटांत कडक. पहिल्या दिवशी सगळेच घाबरतात. मग तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तोंड येतं, कारण तोंडाचं अस्तरही भराभर विभागणारं. केस मात्र जिथून किरण जातो तिथलेच गळतात.

मघाशी एका काकूंनी विचारलं, लाइट घेऊन आल्यावर नातवाला जवळ घेऊ का? खुशाल घ्या, मशीन बंद झाल्यावर अंगात काही उरत नाही. थायरॉइडसाठी रेडिओआयोडीन पाजतात ते वेगळं, तिथे काही दिवस लांब राहावं लागतं.

आणि शेवटचं. 35 लाइट संपल्या, गाठ हाताला लागतेच आहे, पैसे फुकट गेले, असं म्हणणारे खूप भेटले. अहो, कांदाही लासलगावहून निघताना तसाच दिसतो. पेशी विभागायला जाणार, मग मरणार, शरीर तो कचरा उचलणार, याला आठवडे लागतात. स्कॅन उगाच तीन महिन्यांनी सांगत नाहीत.